छोट्या यंत्रनिर्मिती कंपनीचा लाभांश-इतिहास कसा तपासायचा

पंप, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर, हीट एक्स्चेंजर, मशीन टूल अशी यंत्रं बनवणाऱ्या छोट्या कंपनीने सलग बारा वर्षं लाभांश दिला, एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. साबण विकणाऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक दर महिन्याला परत येतं. यंत्र घेऊन गेलेला कारखाना मात्र पुढची कित्येक वर्षं सुट्या भागांपुरताच फोन करतो. अशा धंद्यात दोन-तीन वर्षं ऑर्डरींचा पूर येतो आणि मग दोन वर्षं शांतता असते. लाभांश जाहीर होतो नफ्यातून, दिला जातो रोकडीतून, आणि इथे नफा व रोकड एकाच वर्षी क्वचितच हातात हात घालून येतात. म्हणून अशा कंपनीचा लाभांश-इतिहास तपासायचा म्हणजे प्रत्येक वर्षीची रक्कम त्या वर्षीच्या रोकडीसमोर ठेवून पाहायची, तीही तेजी-मंदीचं एक पूर्ण चक्र धरून.

आधी कागद गोळा करा

कमीत कमी दहा वर्षांचे वार्षिक अहवाल लागतील, पंधरा मिळाले तर उत्तम. त्यात मंदीचं एक तरी वर्ष यायलाच हवं. 2009 आणि 2020 ही दोन वर्षं बहुतेक यंत्रनिर्मात्यांची परीक्षा घेऊन गेली आहेत. निदान त्यातलं एक तक्त्यात असू द्या. फक्त चांगल्या काळातला इतिहास पाहणं म्हणजे उन्हाळ्यात छत तपासण्यासारखं आहे.

ॲप किंवा तयार संकेतस्थळावरची लाभांशाची यादी सुरुवातीला चालेल, पण अंतिम आकडा कंपनीने शेअर बाजाराला दिलेल्या घोषणेवरून आणि वार्षिक अहवालावरून घ्या. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तयार याद्यांमध्ये तीन चुका वारंवार सापडतात: विशेष (एकदाच दिलेला) लाभांश नियमित लाभांशात मिसळलेला, बोनस (मोफत दिलेले जादा शेअर) किंवा स्प्लिटनंतर (एका शेअरचे अनेक तुकडे केल्यावर) जुने आकडे न बदललेले, आणि अंतरिम (वर्ष संपण्याआधीच दिलेला) लाभांश एकदा स्वतंत्र आणि पुन्हा एकूण रकमेत असा दोनदा धरलेला.

तक्त्यात दर वर्षासाठी एक ओळ करा. रकाने असे: प्रति शेअर कमाई, व्यवसायातून आलेली रोकड, भांडवली खर्च (यंत्रं, इमारती वगैरेंवरचा), या दोन्हींतला फरक म्हणजे मुक्त रोकड, नियमित लाभांश, विशेष लाभांश, वर्षअखेरीचं निव्वळ कर्ज (कर्ज वजा रोकड), मिळालेल्या नव्या ऑर्डरी, विक्री, ग्राहकांकडून आलेल्या आगाऊ रकमा, येणी (ग्राहकांकडची बाकी) आणि मालसाठा. लाभांशासमोरचे आकडे प्रति शेअर करून घेतले की तुलना सोपी जाते.

कोणता लाभांश कोणत्या वर्षाचा

चार तारखा असतात: घोषणा, एक्स-डेट (या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही), रेकॉर्ड डेट (या दिवशी ज्यांची नावं भागधारकांच्या यादीत असतात त्यांना लाभांश मिळतो) आणि प्रत्यक्ष पैसे जमा होण्याची तारीख. इतिहास तपासताना पाचवी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे लाभांश कोणत्या आर्थिक वर्षाच्या नफ्यातला आहे. अंतिम लाभांश संचालक मंडळ सुचवतं, सर्वसाधारण सभेत तो मंजूर होतो आणि पैसे येतात पुढच्या आर्थिक वर्षात. पैसे मिळाल्याच्या तारखेने नोंद केली तर मंदीच्या वर्षासमोर तेजीच्या वर्षाचा लाभांश बसतो, आणि कंपनीने वाईट वर्षातही उदारपणे दिलं असं खोटं चित्र तयार होतं. नफ्याशी ताळा घालताना ज्या वर्षाचा लाभांश त्याच वर्षाच्या ओळीत लिहा. रोख प्रवाह पत्रकाशी ताळा घालताना मात्र प्रत्यक्ष दिलेली रक्कम घ्या, कारण त्या पत्रकात तीच असते. हे दोन रकाने वेगळे ठेवा. एकच ठेवलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की तो कशाचा होता.

शेअर घेऊन लाभांश मिळवायचा असेल तर सौदापूर्तीचा कालावधी पाहा. भारतात 27 जानेवारी 2023 पासून सर्व शेअरना आणि अमेरिकेत 28 मे 2024 पासून टी+1, म्हणजे सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात पूर्तता, लागू आहे. तिथे सर्वसाधारणपणे एक्स-डेट आणि रेकॉर्ड डेट एकाच दिवशी येतात आणि शेअर त्याच्या आदल्या कामकाजाच्या दिवशीपर्यंत घ्यावा लागतो. जिथे टी+2 आहे तिथे एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक कामकाजाचा दिवस आधी असते. पण लाभांशापुरता शेअर घेऊन लगेच विकण्यात हशील नाही. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, आणि छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये खरेदी-विक्रीच्या भावातली तफावतच कित्येकदा उरलेलं खाऊन टाकते.

बोनस, स्प्लिट आणि टक्केवारी

भारतात लाभांश दर्शनी किमतीच्या (शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीच्या) टक्क्यांत सांगायची जुनी पद्धत आहे. दर्शनी किंमत 10 असताना 50 टक्के म्हणजे शेअरमागे 5. पुढे शेअरची दर्शनी किंमत 2 झाली आणि लाभांश 100 टक्के झाला, तर शेअरमागे 2 मिळतात. रक्कम पाहणाऱ्याला ही कपात वाटते. प्रत्यक्षात जुन्या एका शेअरचे पाच झाले, म्हणजे 5 च्या जागी 10 मिळाले आणि लाभांश दुप्पट झाला. स्प्लिटच्या बाबतीत टक्केवारी बरोबर सांगते आणि रक्कम फसवते.

बोनसच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. एकास एक बोनस दिला की दर्शनी किंमत तीच राहते, शेअर दुप्पट होतात. आधी 80 टक्के देणारी कंपनी आता 50 टक्के देत असेल तर टक्केवारीत ती कपात दिसते, पण जुन्या शेअरच्या मापाने लाभांश 100 टक्के, म्हणजे वाढलेलाच आहे. उपाय एकच: आजच्या एका शेअरला एकक धरा आणि मागचे सगळे आकडे त्या मापात आणा. एकास एक बोनस असेल तर त्याआधीचे सगळे लाभांश दोनने भागा. 10 चे 2 झाले असतील तर पाचने भागा. दोन्ही झालं असेल तर दहाने. भागाकार कोणत्या तारखेपासून लागू केला ते तक्त्यातच लिहून ठेवा.

एकदाच मिळालेलं वेगळं काढा

जुनी जमीन विकली, एखादा विभाग दुसऱ्याला दिला, मोठा दावा जिंकला, की छोटी कंपनी विशेष लाभांश देते. तो पुन्हा येईल असं धरू नका. काही वेळा कर कायद्यामुळेही लाभांश पुढे-मागे सरकतो. अमेरिकेत 2013 पासून कर वाढणार हे दिसल्यावर 2012 च्या शेवटच्या महिन्यांत अनेक कंपन्यांनी विशेष लाभांश दिले किंवा पुढचे लाभांश अलीकडे ओढले. भारतात 1 एप्रिल 2020 पासून लाभांश वितरण कर गेला आणि करआकारणी भागधारकाच्या हाती आली, म्हणून त्याआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अंतरिम लाभांशांची रांग लागली. अशा वर्षी आकडा फुगलेला आणि पुढच्या वर्षी खचलेला दिसतो. दोन्ही वर्षांची सरासरी काढून पाहा, मगच वाढ किंवा कपात म्हणा.

नफ्याशेजारी रोकड ठेवा

या कामाचा जीव इथे आहे, तेव्हा इथे घाई नको. समजा एका कल्पित कंपनीचे सात वर्षांचे प्रति शेअर आकडे असे आहेत:

वर्ष 1: कमाई 8, मुक्त रोकड 6, लाभांश 3
वर्ष 2: कमाई 10, मुक्त रोकड 9, लाभांश 3.5
वर्ष 3: कमाई 13, मुक्त रोकड 6, लाभांश 4.5
वर्ष 4: कमाई 14, मुक्त रोकड 2, लाभांश 5
वर्ष 5: कमाई 7, मुक्त रोकड 10, लाभांश 5
वर्ष 6: कमाई 3, मुक्त रोकड 2, लाभांश 5
वर्ष 7: कमाई 6, मुक्त रोकड 3, लाभांश 2

चौथ्या वर्षी पेआउट, म्हणजे कमाईतला लाभांशाचा वाटा, फक्त 36 टक्के दिसतं. कोणीही म्हणेल, लाभांश सुरक्षित आहे, वाढायलाही जागा आहे. पण त्याच वर्षी हाती आलेली मुक्त रोकड 2 आणि वाटलेले 5. उरलेले 3 जुन्या शिलकीतून किंवा बँकेकडून आले. नफा होता, पण तो अर्धवट जोडलेल्या यंत्रांत, गोदामातल्या पोलादात आणि ग्राहकांकडच्या बाकीत अडकला होता.

पाचवं वर्ष सगळ्यात फसवं. कमाई निम्म्यावर आली, तरी मुक्त रोकड 10, म्हणजे सातही वर्षांतली सर्वाधिक. कारण साधं आहे: नव्या ऑर्डरी आटल्या, नवा माल घेणं थांबलं, आधी पाठवलेल्या यंत्रांचे पैसे येत राहिले. खेळतं भांडवल, म्हणजे मालसाठ्यात आणि येण्यांत अडकलेला पैसा, मोकळं झालं. संचालक मंडळ बँकेतली शिल्लक पाहतं, मागच्या वर्षीइतकाच लाभांश देतं आणि भागधारकांना वाटतं की मंदी पचली. ही रोकड मागच्या तेजीची वसुली असते आणि ती एकदाच होते. सहाव्या वर्षी वसूल करायला काही उरत नाही, तरी लाभांश 5 च राहतो, आणि सातव्या वर्षी कुऱ्हाड पडते. यंत्रनिर्मिती कंपन्यांत कपात मंदीच्या पहिल्या वर्षी न येता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते ती यामुळे.

आता बेरीज करा. सात वर्षांची कमाई 61, मुक्त रोकड 38, लाभांश 28. कमाईवर पेआउट 46 टक्के, रोकडीवर 74 टक्के. दुसरा आकडा खरा. आमचा ठोकताळा असा: पूर्ण चक्राच्या मुक्त रोकडीच्या 60 टक्क्यांच्या आत लाभांश असेल तर कंपनीला श्वास घ्यायला जागा आहे, 80 टक्क्यांच्या वर गेला तर एक मोठी ऑर्डर रद्द होणंही महागात पडतं. कोणत्याही एका वर्षाच्या पेआउटवरून मत बनवू नका, तो आकडा कितीही देखणा असला तरी.

भांडवली खर्चाकडेही बारीक पाहा. घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च) वर्षाला 3 आणि भांडवली खर्च सलग तीन वर्षं 1 असेल, तर लाभांश यंत्रशाळेच्या झिजेतून दिला जात आहे. लेथ आणि बोरिंग मशीन जुनी झाली की नाकारलेल्या भागांचं प्रमाण वाढतं, वेळेवर माल जात नाही आणि दंड सुरू होतो. तो खर्च पुढे ढकललेला आहे, टळलेला नाही.

टिपांमधली ती तीन ठिकाणं

वार्षिक अहवालाच्या मागच्या भागात, जमाखर्चाच्या टिपांमध्ये, तीन गोष्टी शोधा.

पहिली, ग्राहकांच्या आगाऊ रकमा. 2018 पासून नव्या महसूल मानकांनुसार त्या बहुतेक ठिकाणी ‘करार दायित्वे’ या नावाने दिसतात. समजा एखाद्या करारात 20 टक्के ऑर्डरसोबत, 60 टक्के माल पाठवताना, 10 टक्के यंत्र बसवल्यावर आणि 10 टक्के हमी काळ संपल्यावर असे हप्ते आहेत. ऑर्डरी वाढत असताना सुरुवातीचे 20 टक्के येत राहतात आणि बँकेतली शिल्लक फुगते. त्या पैशाचं पोलाद आणि मोटारी अजून घ्यायच्या आहेत. म्हणून बँकेतल्या शिलकीतून आगाऊ रकमा वजा करून पाहा. शिल्लक शेअरमागे 12 आणि आगाऊ रकमा 9 असतील तर कंपनीची म्हणावी अशी रोकड 3 आहे, आणि 5 चा लाभांश दुसऱ्याच्या पैशातून जात आहे.

दुसरी, अडकलेले पैसे. शेवटच्या 10 टक्क्यांना रिटेन्शन म्हणतात आणि ते येण्यांमध्ये बसलेले असतात. ग्राहकाचा प्रकल्प रखडला की यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उभं राहतं, चाचणी होत नाही आणि रिटेन्शन सुटत नाही. येण्यांच्या वयाचा तक्ता असेल तर वर्षापेक्षा जुन्या रकमेचा वाटा दरवर्षी लिहून ठेवा. काम जसजसं पुढे सरकेल तसतसा नफा धरणाऱ्या कंपन्यांत ‘करार मालमत्ता’ ही ओळही पाहा: विक्री धरली आहे पण बिल अजून गेलेलं नाही, अशी ती रक्कम. विक्रीपेक्षा ती वेगाने वाढत असेल तर नफ्यावर भिस्त ठेवून दिलेला लाभांश डळमळीत समजा.

तिसरी, बँकेतली शिल्लक खरोखर मोकळी आहे का. यंत्रनिर्मात्याला आगाऊ रकमेसाठी आणि कामगिरीसाठी बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि त्यासाठी बँक मार्जिन मनी म्हणून ठेव अडकवून ठेवते. ताळेबंदाच्या पानावर ती रोकडीच्या शेजारीच बसते. टीप उघडल्यावरच कळतं की त्यातली किती रक्कम हात लावता येणार नाही अशी आहे. समूह असेल तर आणखी एक गाठ असते: लाभांश मूळ कंपनीच्या स्वतंत्र हिशेबातल्या वाटपयोग्य नफ्यातून द्यावा लागतो. एकत्रित ताळेबंदात भरपूर पैसा दिसतो, पण तो परदेशातल्या उपकंपनीत असेल तर वर आणताना कर कापला जातो, कधी तिथल्या नियमांमुळे तो येतच नाही.

बँक आणि मालक

कर्जाच्या करारात बहुधा अट असते की निव्वळ कर्ज घसारा-व्याज-करपूर्व नफ्याच्या अमुक पटीच्या वर गेलं तर लाभांश देता येणार नाही. मंदीत कर्ज न वाढताही ही पट वाढते, कारण ज्याने भागायचं तो नफा आकसतो. आज पट 1.5 आणि मर्यादा 3 असेल तर नफा निम्म्याच्या खाली गेला की दार बंद. हे गणित आधीच करून ठेवा.

जुन्या अभियांत्रिकी कंपन्यांत, विशेषतः अमेरिका आणि ब्रिटनमध्ये, कर्मचाऱ्यांच्या निश्चित निवृत्तिवेतनाची तूटही कर्जासारखीच मोजावी. तूट भरण्याचे हप्ते लाभांशाच्या आधी जातात.

मालकी कोणाकडे आहे यावर लाभांशाचा स्वभाव ठरतो. घराण्याकडे साठ-सत्तर टक्के शेअर असतील तर लाभांश हे अनेक नातेवाइकांचं उत्पन्न असतं आणि तो हट्टाने टिकवला जातो, कधी यंत्रशाळेच्या जिवावर. व्यवस्थापन पगारी असेल तर मागच्या आकड्याला धरून हळूहळू वर सरकण्याकडे कल असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉन लिंटनर यांनी 1956 मध्ये 28 कंपन्यांच्या अभ्यासातून हेच मांडलं होतं: संचालक आधी गेल्या वर्षीचा लाभांश पाहतात, मग नफा, आणि परत घ्यावी लागेल अशी वाढ टाळतात. म्हणून स्थिर व्यवस्थापनाच्या कंपनीत नेहमीपेक्षा मोठी वाढ झाली तर तो आत्मविश्वासाचा पुरावा मानता येतो. वाढ लहान ठेवून वर विशेष लाभांश दिला असेल तर आम्ही त्याला शहाणपण म्हणू, कारण त्या संचालकांना आपल्या धंद्याचं चक्र ठाऊक आहे.

यील्ड शेवटी

यील्ड मुद्दाम शेवटी घेतलं आहे, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. छापलेलं यील्ड म्हणजे मागच्या बारा महिन्यांचा लाभांश भागिले आजचा भाव. वरच्या उदाहरणात सहाव्या वर्षी भाव 100 वरून 50 वर आला तर 5 टक्क्यांचं यील्ड 10 टक्के दिसेल. बाजाराने कपात आधीच धरली आहे, छापील आकड्याला ते माहीत नाही. तुमचं यील्ड चक्राच्या सरासरी मुक्त रोकडीवरून काढा: 38 भागिले 7 म्हणजे वर्षाला सुमारे 5.4; त्याच्या 60 टक्के म्हणजे 3.25. भाव 50 असेल तर टिकाऊ यील्ड सुमारे 6.5 टक्के, 10 नव्हे.

कपातीचं कारण शोधा

कपात झाली म्हणून कंपनी लगेच बाद करू नका, कारण पाहा. ग्रॅहम कॉर्पोरेशन ही न्यूयॉर्क राज्यातली व्हॅक्यूम आणि उष्णता-विनिमय यंत्रं बनवणारी छोटी कंपनी. तिमाहीला 11 सेंट लाभांश देत होती. जून 2021 मध्ये तिने बार्बर-निकल्स ही कंपनी विकत घेतली, आणि 2022 च्या सुरुवातीला नौदलाच्या कामांचा खर्च अंदाजाबाहेर गेल्यावर लाभांश थांबवला. ऑर्डर बुक, म्हणजे हातातल्या पण अजून पूर्ण न झालेल्या ऑर्डरींचा साठा, तेव्हा भरलेलं होतं. म्हणजे ऑर्डरी भरपूर असूनही लाभांश जाऊ शकतो: पहिल्यांदाच बनवायच्या यंत्राला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त मनुष्यतास लागले की प्रत्येक ऑर्डर रोकड खाते. ऑर्डर बुक तपासताना आकारासोबत तीन प्रश्न विचारा: किंमत ठरीव आहे की पोलादाच्या भावाशी जोडलेली, असं यंत्र कंपनीने आधी बनवलं आहे का, आणि उशिराचा दंड किती.

लवकर केलेली अर्धवट कपात उशिरा केलेल्या पूर्ण बंदीपेक्षा बरी. वरच्या उदाहरणात सहाव्या वर्षीच 5 चे 2.5 केले असते तर शेअरमागे अडीच शिल्लक राहिले असते आणि सातव्या वर्षी बँकेपुढे उभं राहायची वेळ आली नसती. मागच्या मंदीत कंपनीने कपात कधी केली, किती केली आणि जुन्या पातळीवर यायला किती वर्षं लागली, हे तीन आकडे तक्त्याच्या माथ्यावर लिहा.

तक्ता चालू ठेवायचा कसा

दर तिमाहीला तीनच आकडे भरले तरी पुरे. मिळालेल्या ऑर्डरी भागिले विक्री: सलग तीन तिमाही 1 च्या खाली असेल तर पुढच्या वर्षीची कमाई घटलेली धरा. आगाऊ रकमांतला बदल: ऑर्डरी टिकून असताना त्या घटत असतील तर कंपनी सैल अटींवर ऑर्डरी घेत आहे. आणि निव्वळ कर्ज: लाभांश दिल्याच्या तिमाहीत ते जवळजवळ लाभांशाइतकंच वाढत असेल आणि पुढच्या दोन तिमाहींत खाली येत नसेल, तर लाभांश कर्जातून जातो आहे. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची विक्री वेगळी मिळत असेल तर चौथा रकाना तिचा करा. यंत्रं विकली जात नसली तरी बसवलेल्या यंत्रांना सील, बेअरिंग आणि इंपेलर लागतातच. त्या विक्रीचा नफा एकटा लाभांशाला पुरत असेल, तर बाकीचा तक्ता कितीही हलला तरी ती कंपनी यादीत ठेवा.